रिमॅपनंतर पुन्हा पुन्हा येणारं नॉकिंग: सोलापुरातल्या पेट्रोलवर मॅप कसा बसवायचा

तक्रार ठरलेली असते. पुण्याहून स्टेज वन रिमॅप (भाग न बदलता इंजिनच्या संगणकातले इंधन-टायमिंगचे आकडे, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवणं) करून आणलेली टर्बो पेट्रोल गाडी पहिला आठवडा सुसाट पळते. मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार आरपीएमला पाय दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि त्यामागोमाग ‘पिकअप गेला’. कुणीतरी स्कॅनर लावून सगळं रिसेट करून देतो. दोन दिवस गाडी परत ओढते, आणि पुन्हा तेच. चारजण बसवून तुळजापूरचा घाट चढायला घेतला तर हमखास. प्लग बदलून होतात, इंजेक्टर साफ होतात, कुणी कार्बन काढून देतो, आणि हजारोंचं बिल होऊनही दुखणं जागच्या जागीच राहतं.

अशा गाड्यांमध्ये बहुतेक वेळा एकही भाग बिघडलेला नसतो. मॅप एका पेट्रोलसाठी लिहिलेला असतो आणि टाकीत दुसरंच असतं. हे आधी तपासायला स्कॅनर आणि एक सकाळ पुरते, म्हणून खर्चिक गोष्टींना हात लावण्याआधी इथून सुरुवात करा.

रिसेट करणं आधी थांबवा

सिलेंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने पुढे सरकते. शेवटच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं की दाबाची लाट भिंतीवर आपटते, तेच नॉकिंग. पंचाहत्तर-ऐंशी मिलिमीटर बोअरच्या इंजिनात ही थरथर साधारण सात-साडेसात हजार हर्ट्झला होते. ब्लॉकला बोल्टने घट्ट बसवलेला नॉक सेन्सर ती ऐकतो. कुठल्या सिलेंडरची पाळी चालू होती ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, ठाऊक असतं, त्यामुळे तो त्याच सिलेंडरचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दोन-तीन अंश मागे घेतो आणि मग हळूहळू परत पुढे सरकवतो.

हे वारंवार व्हायला लागलं की ईसीयू ते लक्षात ठेवतो. प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. मित्सुबिशीच्या इव्होत आणि जीएमच्या बऱ्याच इंजिनांत चांगल्या पेट्रोलचा एक आणि हलक्या पेट्रोलचा एक असे दोन टायमिंगचे तक्ते असतात, आणि ईसीयू नॉकिंग ऐकत ऐकत या दोघांमध्ये कुठेतरी स्थिरावतो. सुबारूत एकाच गुणकाने मूळ टायमिंगवर मिळणारं जास्तीचं, ठिणगी लवकर पाडणारं, अ‍ॅडव्हान्स खाली-वर होतं. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनांमध्ये प्रत्येक सिलेंडरचा रिटार्ड, म्हणजे टायमिंग किती मागे घेतलं तो आकडा, स्कॅनरवर वेगळा वाचता येतो, त्यामुळे निदानाला ही गाडी सगळ्यांत सोयीची.

म्हणजे मालकाला जो ‘पिकअप गेला’ वाटतो, ते इंजिन स्वतःला वाचवत असतं. रिसेट मारला की ही शिकवणी पुसली जाते. ईसीयू पुन्हा पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर जातो, पुन्हा नॉक खातो, तेव्हा कुठे पुन्हा शिकतो. ते दोन दिवस गाडी का पळते याचं उत्तर एवढंच, आणि त्याची किंमत पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या मोजतात. ‘फक्त अ‍ॅडाप्टेशन क्लिअर करून द्या ओ’, म्हणजे ही शिकवणी पुसा, म्हणणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो.

आवाज खरंच नॉकिंगचा आहे का

यात फार वेळ घालवू नका, पण बघून घ्या. सायलेन्सरवरची पत्र्याची ढाल सैल झाली की ठराविक आरपीएमला हुबेहूब असाच आवाज येतो. तो गाडी उभी असतानाही रेस केल्यावर येतो, नॉकिंग मात्र लोड आल्यावरच. स्कॅनरवर पी०३२५ ते पी०३२८ यांपैकी दोषाचा कोड असेल तर सेन्सर आणि त्याची वायर आधी. सेन्सर कुणी काढून बसवला असेल तर बोल्ट टॉर्क रेंचनेच घट्ट झाला होता का ते विचारा. बहुतेक गाड्यांत तो २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. मध्ये वॉशर घातला किंवा खालचा पृष्ठभाग गंजका राहिला तर सेन्सर एकतर बहिरा होतो, नाहीतर नसलेलं ऐकायला लागतो.

सीएनजी किट बाहेरून बसवलेली गाडी असेल तर एक वेगळंच कारण निघतं. सीएनजीचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होता दाब सोसायची ताकद, १२० च्या वर, आणि तो सावकाश जळतो, म्हणून काही किटवाले टायमिंग पुढे नेणारा छोटा डबा लावतात. गाडी पेट्रोलवर आली की तो डबा गप्प बसला पाहिजे. वायरिंग चुकलं असेल तर तो पेट्रोलवरही टायमिंग पुढेच ढकलत राहतो, आणि इथे ईसीयूला त्याचा पत्ताच नसतो. डबा काढून दोन कनेक्टर सरळ जोडा, गाडी चालवून बघा. आवाज थांबला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

मॅपवरचं ९१ आणि पंपावरचं ९१

आता मूळ दुखणं. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत, रिसर्च आणि मोटर. रिसर्च म्हणजे आरओएन, हा आपल्याकडे आणि युरोपात पंपावर चालतो. मोटर पद्धतीची चाचणी जास्त कडक, म्हणून तिचा आकडा आठ-दहाने कमी येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तेच पेट्रोल तिथे चार-पाच आकड्यांनी हलकं दिसतं. तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१. तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. आणि तिथलं ९३ म्हणजे आपलं ९८ च्या घरात.

इंटरनेटवरून विकत घेतलेल्या मॅपच्या तयार फाइली, विशेषतः हातातल्या छोट्या यंत्रातून टाकायच्या, बऱ्याचदा अमेरिकन आकड्यांवर असतात. फाइलचं नाव ‘९१ ऑक्टेन’. सोलापूरचा माणूस म्हणतो, आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ च आहे की, आणि तीच निवडतो. प्रत्यक्षात ती फाइल ९५-९६ आरओएन मागते. ‘९३’ वाली निवडली तर ती ९८ च्या घरातलं पेट्रोल मागते. गाडी पहिल्या दिवसापासून उधारीवर चालते.

आता इथे मिळतं काय? बीएस६ च्या मानकात साध्या पेट्रोलचं किमान आरओएन ९१. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यावर ते ९५ झाल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं आरओएन १०८ च्या वर आहे. त्याशिवाय निवडक पंपांवर ९५ चं प्रीमियम मिळतं. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये एक्सपी१०० आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे-मुंबई होती, सोलापूर नव्हतं. म्हणून पुण्यात १०० भरून डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) बसवलेला मॅप घेऊन मोहोळच्या पुढे आलात की परतीचा रस्ता नसतो. टाकी कुठेतरी इथल्या पेट्रोलने भरावीच लागते.

टाकीत पेट्रोल उरलेलं असताना प्रीमियम भरलं तर काय होतं, याचा हिशेब सोपा आहे. टाकीत १५ लिटर ९१ चं आहे आणि वर २५ लिटर ९५ चं घातलं, तर ढोबळमानाने १५ गुणिले ९१ अधिक २५ गुणिले ९५, भागिले ४०. उत्तर ९३.५. ‘मी तर ९५ च भरतो’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या टाकीत खरं तर हे असतं. चाचणी घेण्याआधी टाकी शक्य तेवढी रिकामी करून दोनदा एकाच पंपावर, एकाच प्रतीचं भरा. त्याआधी काढलेला लॉग, म्हणजे गाडी चालताना स्कॅनरने घेतलेली नोंद, कशाचा लॉग आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

ई२० ने काय बदललं

जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो, तिथून इथेनॉल डेपोत आणि डेपोतून आपल्याच टाकीत. ऑक्टेनच्या बाजूने ही चांगली गोष्ट आहे. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा दुपटीहून जास्त उष्णता शोषून घेतं, त्यामुळे थेट सिलेंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात मिश्रण थंड होतं आणि नॉकिंग मागे सरकतं.

मात्र जुना मॅप शुद्ध पेट्रोल धरून लिहिलेला असेल तर हिशेब बिघडतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जाळायला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू हे भरून काढतो. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कायमची दुरुस्ती, टक्क्यांत) प्लस सात-आठवर कायम बसलेला दिसला की समजायचं ते हेच. अडचण पूर्ण पाय दाबल्यावर येते. जुन्या पद्धतीचा, मिश्रण फक्त श्रीमंत (इंधन जास्त) की गरीब (इंधन कमी) एवढंच सांगणारा सेन्सर असलेल्या गाडीत ईसीयू तेव्हा त्याच्याकडे बघतच नाही, तक्त्यातलं इंधन देतो. ट्रिम पुढे नेला जात नसेल तर मिश्रण लीन, म्हणजे गरीब, होतं, ज्वलन तापतं, आणि ऑक्टेन पुरेसं असूनही नॉकिंग येतं. नव्या गाड्यांत रुंद पल्ल्याचा सेन्सर पूर्ण लोडवरही काम करतो, पण तिथे हाय प्रेशर पंपाची दमछाक होते, कारण रिमॅपने आधीच जास्त इंधन मागितलेलं असतं आणि वर हे आठ टक्के.

इथे ट्यूनरने मॅपमधला हवा-इंधनाचा मूळ आकडाच बदलायला हवा. काहीजण पूर्ण लोडच्या तक्त्यात हाताने थोडं थोडं इंधन वाढवून वेळ मारून नेतात. तसल्या फाइलीवर पुढे कधी इथेनॉल कमी असलेलं पेट्रोल भरलं की गाडी धूर सोडायला लागते.

पावसाळ्यातली एक जोड: इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत किंवा पंपाच्या टाकीत पाणी शिरलं आणि प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं, वर उरतं ते इथेनॉल गेलेलं, हलक्या ऑक्टेनचं पेट्रोल. भरल्या भरल्या त्याच दिवशी गाडी झटके द्यायला आणि नॉक करायला लागली तर मॅपला दोष देण्याआधी बाटलीत नमुना काढून दोन तास स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उपसणं आलं.

सोलापूरची हवा

डायनो पुण्यात, तोही बहुधा मोठ्या पंख्यासमोर, सकाळी. गाडी चालते ती एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडलेल्या सोलापुरात. सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहून निघालेल्या गाडीचं इन्टेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं, तापमान साठच्या वर सहज दिसतं. ज्या गाड्यांत इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) पाण्याचा असतो, त्यांत तो तापला की निवायला वेळ घेतो, आणि कसाही असला तरी बाहेरच्या हवेपेक्षा खाली तर तो जाऊच शकत नाही. त्यात आपली उन्हाळी हवा कोरडी. हवेतली वाफ ज्वलन थोडं मंदावते आणि नॉकिंग रोखते. मुंबईच्या दमट हवेत जो मॅप चालून जातो, तो इथे एखादा अंश जास्त मागे घ्यावा लागतो. म्हणून ‘दिवाळीत केला तेव्हा चांगला होता, आता काय झालं’ या प्रश्नाला मला फार आश्चर्य वाटत नाही. इन्टेकच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा एक वेगळा तक्ता ईसीयूत असतो. जास्त पॉवर दाखवायच्या नादात काहीजण तोच सपाट करून टाकतात. तुमच्या फाइलीत तसं केलंय का, हे ट्यूनरला स्पष्ट विचारा.

लॉग कसा काढायचा, कसा वाचायचा

पहाटे एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा, एकाच पट्ट्यावर. पुणे रोड किंवा हैदराबाद रोड, जिथे वर्दळ नाही असा तुकडा. गाडी एकाने चालवायची, लॅपटॉप किंवा फोन दुसऱ्याने सांभाळायचा. तिसरा गिअर, पंधराशे आरपीएमपासून पूर्ण पाय, साडेचार हजारांना सोडून द्यायचं. त्यापुढे जायची गरज नाही, कारण दुखणं खालच्या आरपीएमला आहे आणि वेगमर्यादाही तिथेच संपते. लॉगमध्ये आरपीएम, बूस्ट (टर्बोचा दाब), इन्टेक तापमान, टायमिंग, प्रत्येक सिलेंडरचा नॉक रिटार्ड, लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) मागितलेला आणि मिळालेला, आणि रेल प्रेशर (इंजेक्टरकडच्या इंधनाचा दाब) मागितलेला व मिळालेला, एवढं हवं. स्वस्तातल्या निळ्या ओबीडी डोंगलवर इतके आकडे एकदम घेतले की नोंदी सेकंदाला एक-दोनच येतात आणि नॉकिंग मधल्या मध्ये निसटतं. त्यामुळे चांगलं इंटरफेस मागून आणा, नाहीतर आकडे कमी करून दोनदा काढा.

वाचताना माझा हिशेब असा. अधूनमधून एखाद्या सिलेंडरला दोन-तीन अंश रिटार्ड दिसला तर सोडून द्या, कारखान्यातून आलेल्या गाडीतही तो दिसतो. प्रत्येक वेळी, सगळ्या सिलेंडरना चार-सहा अंश दिसत असेल तर मॅप पेट्रोलच्या पुढे गेलाय; इथे प्लग बदलून काही होणार नाही. एकाच सिलेंडरला सतत दिसत असेल तर उलट, मॅपला हात लावू नका, त्या सिलेंडरचा प्लग, कॉइल आणि इंजेक्टर शेजारच्याशी अदलाबदल करून दोष सोबत सरकतो का बघा. पहाटे स्वच्छ आणि दुपारी भरपूर रिटार्ड असेल तर तापमानाचा तक्ता. मागितलेला लॅम्डा ०.८५ आणि मिळालेला ०.९३ असेल, किंवा रेल प्रेशर मागणीच्या खाली घसरत असेल, तर इंधनच पोचत नाहीये. नॉकिंग तिथे परिणाम आहे.

आणि एक प्रकार लॉगमध्ये नीट सापडतच नाही. कमी आरपीएमला, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, एकच जोराचा ठोका बसतो. थेट फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनांचा हा रोग. टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही, कारण ठिणगीशी त्याचा संबंधच नसतो. इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, आणि पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला पूर्ण पाय दाबायची सवय सोडा.

मॅप कसा हवा

माझं म्हणणं सरळ आहे: तुम्हाला नाइलाजाने भरावं लागणारं सगळ्यांत हलकं पेट्रोल आणि मे महिन्यातली दुपार, यावर मूळ मॅप बसवायचा. अक्कलकोटला गेलात, पंढरपूरला गेलात, रात्री मंगळवेढ्याच्या पुढे टाकी संपली, तर प्रीमियम शोधत फिरावं लागू नये. वर चांगल्या पेट्रोलचा दुसरा मॅप हवा असेल तर तो वेगळा, बदलता येणारा असू द्या. काही ट्यूनर क्रूझ कंट्रोलच्या बटणांवरून मॅप बदलायची सोय देतात, ती घेण्यासारखी आहे.

मॅप हलका करताना नुसतं टायमिंग कापून देणाऱ्यापासून सावध राहा. टायमिंग फार मागे गेलं की ज्वलन उशिरापर्यंत चालतं, सायलेन्सरकडे जाणारा गॅस तापतो, आणि टर्बो व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते सोसतात. अठराशे ते अठ्ठावीसशे आरपीएममधली टॉर्कची मागणी आणि बूस्ट खाली आणा, टायमिंग इंजिनाला सोसेल तिथे राहू द्या. डायनोच्या कागदावर दहा-पंधरा न्यूटन-मीटर कमी दिसतील. रस्त्यावर मात्र गाडी आधीपेक्षा जास्त ओढेल, कारण ईसीयूला सारखं मागे खेचावं लागणार नाही. नवा मॅप टाकल्यावर एकदा अ‍ॅडाप्टेशन क्लिअर करणं रास्त आहे, आणि तेवढंच. वॉरंटी बाकी असलेल्या गाडीवर हे सगळं करताना वॉरंटी गेली असं धरूनच चाला, विमा कंपनीलाही कळवा.

साध्या, टर्बो नसलेल्या आणि कारखान्याच्या मॅपवर चालणाऱ्या गाडीत १०० चं पेट्रोल ओतून काही मिळत नाही. ईसीयूत पुढे न्यायला टायमिंगच शिल्लक नसेल तर ऑक्टेन नुसतं जळून जातं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने किमान आकडा लिहिलेला असतो, तेवढं भरा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांबद्दल विचारणा होते म्हणून. ‘५ पॉइंट वाढवतो’ यातला पॉइंट बहुधा एका ऑक्टेनचा दहावा भाग असतो, म्हणजे ९१ चे ९१.५. ज्यांत मँगनीजचं संयुग असतं, त्यांच्याने प्लगच्या टोकावर तांबूस थर बसतो, आणि तो ऑक्सिजन सेन्सरवरही बसतो. त्या पैशात दोनदा टाकी ९५ ने भरून होते.

ट्यूनरकडे परत जाताना पहाटेचा आणि दुपारचा असे दोन्ही लॉग, कोणतं पेट्रोल किती भरलं होतं त्याची पावती, ट्रिमचा आकडा आणि प्लगचा फोटो सोबत न्या. फाइल आरओएनवर आहे की अमेरिकन आकड्यावर, हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो सांगायला टाळाटाळ करत असेल तर पैसे परत मागा आणि मूळ कारखान्याची फाइल टाकून घ्या. ती त्याने जपून ठेवलेली असते, नसेल तर तो ट्यूनर बदला.